आम्ही की आपण? डनबरची कविता शाळेतल्या ऑपेरात जाते तेव्हा

पॉल लॉरेन्स डनबर ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची १८९० च्या दशकातली एक कविता आहे, 'लिट्ल ब्राउन बेबी'. त्यात एक बाप आपल्या बारक्याला मांडीवर बोलावतो. काय रे, मातीत खेळत होतास ना, बघ कसं माखलंय सगळं, तोंडाला काकवी लागलीय, मारिया, जरा ह्याचे हात पूस गं, एवढा गोडगोड चिकट झालायस की मधमाश्या येऊन खातील तुला. मग लाडात येऊन म्हणतो, हा आमचा पोरगा नाहीच, कुणीतरी भटक्या घरात घुसलाय, द्या त्याला बाहेर टाकून, द्या बागुलबुवाला! आणि खरंच दाराकडे तोंड करून हाक मारतो, बागुलबुवा, ये रे आत, इथं एक वाईट पोरगा आहे, डोक्यापासून पायापर्यंत गिळून टाक. इथं कडवं संपतं. पुढचं कडवं सुरू होतं ते "हां, वाटलंच मला, आता कसा घट्ट बिलगलास" अशा अर्थाच्या ओळीनं.

म्हणजे पोरगं घाबरून बापाच्या गळ्यात पडलं ते कवितेत कुठं लिहिलेलंच नाहीये. ते दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडतं. वाचताना आपण ती जागा अर्ध्या सेकंदात ओलांडतो, पण हीच कविता ऑपेरात घ्यायची म्हटली की संगीतकाराला थांबावंच लागतं, कारण स्टेजवर ते पोरगं बिलगायला धावणार, त्याला धावायला वेळ पाहिजे, आणि त्या वेळात पियानोनं काय करायचं? भीती वाजवायची, की बापाचं आतल्या आत हसू, की दोन्ही? कवितेला चाल लावणं आणि कवितेचा सीन करणं ह्यातला फरक इथं एकदम लख्ख दिसतो. ह्या लेखात मला तोच सांगायचाय, की एखाद्या कवीच्या कवितांवरून शाळेतल्या पोरांसाठी ऑपेरा करायचा म्हणजे नेमकं काय काय ठरवावं लागतं. उदाहरण डनबरचंच घेतो, कारण एक तर तो मला मनापासून आवडतो आणि दुसरं म्हणजे ह्या कामात जेवढ्या अडचणी येऊ शकतात तेवढ्या सगळ्या त्याच्या कवितेत एकत्र सापडतात.

आधी माणूस कोण ते. जन्म २७ जून १८७२, ओहायो राज्यातल्या डेटन गावी. आईवडील दोघंही केंटकीत गुलाम होते. वडील तिथून निसटले आणि यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं कृष्णवर्णीयांच्या पलटणीत लढले. आईनं पोराला गोष्टी आणि गाणी दिली. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची, आणि ती त्यांनी अर्पण केलीय अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथली गुलामी मोडायला झीज सोसली. पुण्यात ते पान छापलं जात होतं तेव्हा त्याच मोडलेल्या गुलामीतून बाहेर आलेल्या एका घरात हा डनबर जेमतेम वर्षाचा होत होता. मला ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून बघायला फार आवडतं, त्यामुळे डनबर लांबचा वाटत नाही.

शाळेत तो हुशार, वर्गात एकटाच काळा मुलगा, शाळेच्या पेपरचा संपादक. विमानवाल्या राइट बंधूंतला ऑरविल त्याच शाळेत त्याच्या बरोबरीचा, आणि डनबरनं १८९० मध्ये एक छोटं वर्तमानपत्र काढलं ते राइट बंधूंच्याच छापखान्यात छापलं. पण शाळा संपल्यावर ह्या मुलाला गावात ऑफिसची नोकरी कुणी दिली नाही. मिळाली ती एका इमारतीत लिफ्टमनची, आठवड्याला ४ डॉलर. तिथं मधल्या वेळात तो लिहायचा, आणि पहिला कवितासंग्रह छापून घेतल्यावर लिफ्टमध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांनाच १ डॉलरला एक असा विकला. पुढं नाव झालं, इंग्लंडचा दौरा झाला, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काही काळ नोकरी केली, आणि क्षयानं ९ फेब्रुवारी १९०६ ला गेला. वय ३३.

आता ऑपेरा. आपल्याकडे ऑपेरा म्हटलं की लोक लगेच संगीत नाटक आठवतात आणि ते फार चुकीचं नाही. पण संगीत नाटकात पात्रं गद्य बोलतात, मग पेटी सूर देते आणि पद सुरू होतं. ऑपेरात बहुतेक वेळा गद्यही गाऊनच म्हणायचं असतं. "चहा घेणार का" हेसुद्धा सुरात. ह्या बोलत्या गाण्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, त्यात कथा पुढं सरकते, आणि जिथं पात्राच्या मनात काहीतरी भरून येतं तिथं कथा थांबते आणि आरिया येते, म्हणजे आपलं पद म्हणा. शब्द लिहितो तो लिब्रेटिस्ट, त्याची संहिता म्हणजे लिब्रेटो. आणि सगळं विनामाइक. गायक असा आवाज तयार करतो की तो वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि ज्यानं हे कधी दहा फुटांवरून ऐकलं नाही त्याला ह्या आवाजाची ताकद कल्पनेनं कळत नाही, छातीत जाणवते ती.

अमेरिकेत बऱ्याच ऑपेरा कंपन्या शाळाशाळांत जातात. ह्यूस्टनच्या मोठ्या कंपनीचा 'ऑपेरा टू गो' नावाचा उपक्रम आहे, विस्कॉन्सिनमध्ये 'ऑपेरा फॉर द यंग' नावाची एक संस्थाच ह्या कामाला वाहिलेली आहे आणि ते लोक त्या त्या शाळेतली काही मुलं आधी तयार करून कोरसमध्ये उभी करतात. ह्या प्रकाराचं गणित अगदी रोखठोक असतं. शाळेचा एक तास, म्हणजे फार तर ४५-५० मिनिटं. गायक चार-पाच. ऑर्केस्ट्रा नाही, एक पियानो. सेट असा की गायकांनीच व्हॅनमधून उतरवून लावायचा आणि संपल्यावर गुंडाळून न्यायचा, कारण पुढची शाळा वाट बघत असते. जागा म्हणजे जिम नाहीतर कॅफेटेरिया, खिडक्यांतून उजेड येतोय, घुमतंय, पोरं जमिनीवर मांडी घालून बसलीयत. मोठ्या थिएटरात स्टेजच्या वर शब्द झळकतात ते इथं नसतात. त्यामुळे गायलेला शब्द न शब्द कळला पाहिजे, पहिल्याच वेळेला. सहा वर्षांचं पोर मागचं पान उलटून बघू शकत नाही.

ह्या अडचणीतून एक चांगली गोष्ट निघते. छोट्या जागेत, चार गायकांत, एका पियानोवर मावेल असंच काम करायचं म्हटल्यावर कविता अगदी सोयीची पडते. कादंबरीवरून ऑपेरा करायला गेलात तर निम्मी कादंबरी फेकावी लागते. कविता आधीच आटवलेली असते. डनबरच्या बाबतीत तर हा योग त्याच्या हयातीतच जुळून आला होता. १८९७ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा तिथं सॅम्युएल कोलरिज-टेलर हा तरुण संगीतकार त्याला भेटला, वडील सिएरा लिओनचे, आई इंग्रज. त्यानं डनबरच्या कवितांना चाली दिल्या आणि मग १८९८ मध्ये दोघांनी मिळून 'ड्रीम लव्हर्स' नावाचा छोटा ऑपेरा केला, चार पात्रं आणि कोरस. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये विल मॅरियन कुक ह्या संगीतकाराबरोबर डनबरनं 'क्लोरिंडी' ह्या संगीत प्रयोगाची गाणी लिहिली. म्हणजे स्टेजसाठी लिहिणं ह्या माणसाला परकं नव्हतंच. पुढं त्याच्याच गावात, डेटन ऑपेरासाठी, एडॉल्फस हेलस्टॉर्क ह्या संगीतकारानं १९९५ मध्ये डनबरवर ऑपेरा केला, 'कॉमन ग्राउंड'. लिब्रेटो हर्बर्ट वुडवर्ड मार्टिन ह्यांचा. हे स्वतः कवी, डनबरचे अभ्यासक, आणि डनबरसारखाच पोशाख करून त्याच्या कविता सादर करण्यासाठी प्रसिद्ध.

बरं, आता कामाला लागू. लिब्रेटिस्टचा पहिला प्रश्न, माझ्या मते एकमेव खरा प्रश्न, असा की ही कविता कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि आत्ताच का म्हणतंय. पुस्तकात कविता नुसती असते. स्टेजवर नुसतं काही असू शकत नाही, तिथं माणूस उभा असतो आणि त्याला कुणाकडून तरी काहीतरी हवं असतं. 'लिट्ल ब्राउन बेबी'त हे तिन्ही आयतं मिळतं. बाप म्हणतोय, पोराला म्हणतोय, झोपायच्या आधी म्हणतोय, मारियाला मध्येच हाक मारतोय म्हणजे आईसुद्धा घरातच आहे. बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीतल्या पुरुषी आवाजाचा बाप, सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी आई, पोर म्हणून शाळेतलाच एखादा पहिलीतला, त्याला गायचं काहीच नाही, फक्त योग्य वेळी पळत येऊन बिलगायचं. आणि बागुलबुवा? तो जमिनीवर बसलेल्या दोनशे पोरांना करू द्या! बापानं हाक मारली की सगळ्यांनी गुरगुरायचं. मी ही कविता मोडक्यातोडक्या मराठीत माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मांडीवर घेऊन म्हणून दाखवली होती, तिला सगळी गंमत आहे हे पूर्ण ठाऊक होतं, तरी "ये रे आत" म्हटल्यावर तिनं दाराकडे बघितलंच आणि माझ्या शर्टाची कॉलर धरली. कडव्यांमधली ती कोरी जागा मला त्या दिवशी कळली.

पण डनबरच्या दुसऱ्या प्रसिद्ध कवितेत हा प्रश्न अवघड होतो. 'वी वेअर द मास्क'. आम्ही मुखवटा घालतो, जो हसतो आणि खोटं बोलतो, आमचे गाल झाकतो, डोळ्यांवर सावली धरतो. काळजं फाटलेली, रक्ताळलेली, तरी हसतो. जगानं आमचे अश्रू मोजायची गरज काय, मुखवटा घातलेला असतानाच बघू देत आम्हाला. असा साधारण आशय. इथं कोण म्हणतंय? "वी". आणि इंग्रजीत "वी" म्हणजे आम्हीही आणि आपणही. मराठीत मात्र हे झाकून ठेवताच येत नाही, भाषांतर करायला बसलात की पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं. आपण मुखवटा घालतो असं लिहिलंत तर ती सगळ्या माणसांची कविता झाली, सगळेच आतून दुःखी आणि बाहेरून हसरे, वगैरे. आम्ही मुखवटा घालतो असं लिहिलंत की समोर "ते" आले, ज्यांच्यासाठी मुखवटा घालावा लागतो. आणि कवितेत पुढं "त्यांना" हा शब्द आहेच. १८९० च्या दशकात, झुंडी काळ्या माणसांना झाडाला लटकवत होत्या त्या काळात, गोऱ्या मालकापुढं, गोऱ्या गिऱ्हाइकापुढं हसरा चेहरा ठेवणं हा जिवंत राहायचा मार्ग होता. लिफ्टमध्ये उभं राहून रोज शेकडो गोऱ्या माणसांना वरखाली नेणाऱ्या पोरानं लिहिलेली ओळ आहे ही. ती "आम्ही"च आहे.

मग शाळेत काय करायचं? वर्गात काळी पोरं आहेत, गोरी आहेत, आपली देशी आहेत, मेक्सिकोची आहेत. कोरसला सगळ्यांना उभं करून ही ओळ गायला लावली तर "आम्ही"चं "आपण" होऊन जातं, कुणी मुद्दाम न करता. शिक्षकांना ते आवडतंही, कारण सगळे एकत्र गातायत, छान वाटतं. पण मला ते पटत नाही. बागुलबुवाला सगळ्यांनी गुरगुरावं, तिथं घर आहे, बाप आहे, झोपायची वेळ आहे, ते सगळ्यांचं आहे. मुखवट्याच्या वेळी मात्र पोरांनी गप्प बसून ऐकावं, चार गायकांनी समोर येऊन सरळ त्यांच्याकडे बघत गावं. म्हणजे बसलेला प्रत्येक जण स्वतःला विचारेल की ह्या "वी"मध्ये मी आहे का, का मी त्या "ते"मध्ये आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला हा प्रश्न झेपतो. वर्गात कोण कुणापुढं तोंड मिटून हसतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता संगीताकडे, आणि हीच ओळ घेऊ. वी वेअर द मास्क दॅट ग्रिन्स अँड लाइज. मराठीत वृत्त मोजायचं तर आपण लघु-गुरु बघतो, अक्षर किती वेळ घेतं ते. इंग्रजीत वेळेपेक्षा जोर महत्त्वाचा, कुठल्या अक्षरावर आघात येतो. इथं एक सोडून एक येतो, वेअर, मास्क, ग्रिन्स, लाइज, असे चार. म्हणजे तालात बसवताना ठोके ह्या चार शब्दांवर पडले पाहिजेत. उद्या कुणी "द" वर सम आणली तर इंग्रजी ऐकणाऱ्याला ते तसंच खटकेल जसं आपल्याला एखाद्या गाण्यात "ची"वर तान घेतलेली खटकते, आणि खटकण्याचं सोडा, जिममध्ये पोरांना शब्दच कळणार नाही. पण एक गंमत करता येते. पहिल्या "वी"लाच ठोक्यावर आणायचं आणि लांब धरायचं, चारही आवाजांत. नियम मोडला, पण मुद्दा पोचला. आम्ही!

दुसरी गोष्ट स्वरांची. गायक सूर लांबवतो तो स्वरावर लांबवतो, व्यंजनावर नाही. "मास्क" लांब धरायचा तर "आ" धरावा लागतो आणि "स्क" अगदी शेवटी टाकावा लागतो, चौघांचा एकाच क्षणी, नाहीतर सापानं फूत्कार टाकल्यासारखं स्स्स ऐकू येतं. आणि आता ह्या कवितेची यमकं बघा. लाइज, आइज, गाइल, स्माइल, वाइज, साइज, व्हाइल, क्राइज, अराइज, व्हाइल, माइल, अदरवाइज. धृवपदाच्या ओळी सोडल्या तर १३ ओळींपैकी १२ ओळींच्या शेवटी एकच स्वर, आइ. गायक तो कसा गातात, तर "आ" पूर्ण उघडा धरायचा आणि सोडताना चिमूटभर "इ". तोंड उघडं, जवळजवळ हसल्यासारखं, आणि सोडताना ओठांचे कोपरे ताणले जातात. म्हणजे ही कविता नुसती गायली तरी गायकाच्या चेहऱ्यावर आपोआप मुखवटा चढतो! आणि तेरावी ओळ? तिचा शेवटचा शब्द आहे सटल्टीज, म्हणजे बारीकसारीक खुब्या, तोंडानं केलेली लपवाछपवी. तिथं यमक घसरतं, आइ ऐवजी ई येतो. मुखवटा क्षणभर सरकला. डनबरनं हे मुद्दाम केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मी संगीतकार असतो तर त्या शब्दावर पियानोला एक वेडावाकडा सूर दिला असता आणि लगेच पुढच्या ओळीला सगळं सावरून घेतलं असतं.

कवितेचा साचासुद्धा मदतीचा आहे. १५ ओळी, त्यात सुरुवातीचे चार शब्द दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी धृवपदासारखे परत येतात. दुसऱ्या कडव्यानंतर पूर्णविराम आहे, अगदी शेवटी उद्गारचिन्ह. शब्द तेच, चिन्ह वेगळं. आपल्याकडे गवई तोच मुखडा दर वेळी वेगळ्या वजनानं घेतो तसंच हे. पहिल्यांदा कुजबुजून, सवयीनं म्हटल्यासारखं. शेवटी? ओरडून म्हणणं सोपं आहे. पण त्याआधीच्या ओळीत जगाला दुसरंच काही स्वप्न बघत बसू दे असं म्हटलंय, म्हणजे मुखवटा उतरवलेला नाहीच, उलट घट्ट केलाय. तेव्हा मोठ्या आवाजात, पण चेहरा हसरा. हे बघताना पोरं अस्वस्थ होतात आणि व्हायला पाहिजेत.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याची कविता, 'सिम्पथी', ही बहुतेकांना माया अँजेलो ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या आत्मचरित्राच्या नावामुळे ऐकून माहीत असते, ते नाव इथल्याच ओळीतून आलंय. सात-सात ओळींची तीन कडवी. मला कळतं पक्ष्याला काय वाटतं, मला कळतं तो पंख का आपटतो, मला कळतं तो का गातो. वाटणं, आपटणं, गाणं, ह्या तीन पायऱ्या, आणि हाच कुठल्याही आरियाचा नकाशा असतो. डनबरच्या बायकोनं नंतर लिहिलंय की लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पुस्तकांच्या रॅकच्या लोखंडी जाळ्या वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यात तापायच्या आणि त्या गजांतून त्याला बाहेरची झाडं दिसायची, तिथून हा पिंजरा आला. लिब्रेटिस्टला ह्याहून जास्त काय पाहिजे. आणि मला वाटतं व्हॅनमध्ये मावणारा सेटसुद्धा ह्यातच दडलाय. एक उभी चौकट, गज लावलेली, चाकांवर. आधी ती लिफ्ट, डनबर आत उभा, माणसं येतायत जातायत, तो हसून पुस्तक विकतोय. मग तीच चौकट फिरवली की लायब्ररीचा रॅक. मग तोच पिंजरा. शेवटी आडवी केली की पोराचं अंथरूण. चार जागा, एकच वस्तू, दोन माणसांनी उचलण्यासारखी.

आता सगळ्यात नाजूक भाग, बोलीचा. डनबर दोन प्रकारे लिहायचा. मुखवटा आणि पक्षी ह्या कविता शुद्ध पुस्तकी इंग्रजीत, आणि बाप-लेकाची कविता दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या बोलीत, "द"चा "ड", शेवटची अक्षरं गिळलेली. १८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स ह्या त्या काळच्या वजनदार समीक्षकानं त्याच्या संग्रहावर मोठं कौतुकाचं परीक्षण लिहिलं आणि डनबर देशभर माहीत झाला, पण कौतुक मुख्यतः बोलीतल्या कवितांचं. त्यानंतर संपादकांना त्याच्याकडून तेच हवं असायचं. ह्याचं दुःख त्यानं स्वतः एका छोट्या कवितेत लिहून ठेवलंय, की जगानं वाहवा केली ती मोडक्या भाषेतल्या खुळखुळ्याची. आणि ह्या दुःखामागं आणखी एक गोष्ट आहे. त्या काळात गोरे नट तोंडाला काळं फासून, हीच बोली वेडीवाकडी करून लोकांना हसवायचे, तो अत्यंत लोकप्रिय धंदा होता. म्हणजे प्रेक्षकाच्या कानात ही बोली आधीच टिंगल म्हणून बसलेली.

हे आपल्याला समजायला परकं नाही. नाटकात वऱ्हाडी किंवा आगरी बोलणारं पात्र आलं की तोंड उघडायच्या आत प्रेक्षागृह हसायला तयार असतं. आणि त्याच मराठीत बहिणाबाईंची खानदेशी बोली आहे, जिच्यातला एक शब्द प्रमाण भाषेत नेला तर ओळ मरते. दोन्ही खरं आहे. म्हणून शाळेतल्या प्रयोगात बोली पुसून टाकायची, सगळं स्वच्छ इंग्रजी करायचं, हा उपाय मला मान्य नाही. बाप पोराशी घरातल्या भाषेत बोलतोय, ती काढली तर घरच काढल्यासारखं होईल. पण नुसती जशीच्या तशी ठेवली आणि काही सांगितलं नाही तर मागच्या रांगेतलं एखादं पोर त्याची नक्कल करत जेवणाच्या सुट्टीत कुणाला तरी चिडवणार. मग वाट कोणती? एक म्हणजे हे गाणारा गायक कृष्णवर्णीय असावा आणि त्याला ती बोली कॅरिकेचर न करता, तोंडातल्या तोंडात मऊ करून, आपल्या आजोबांसारखी गाता यावी. दुसरं म्हणजे प्रयोगातच एक सीन असा हवा जिथं संपादक डनबरला म्हणतो, ती गमतीची भाषा लिही ना, आणि डनबर मुखवट्याची कविता पुढं करतो, शुद्ध इंग्रजीतली, आणि संपादक ती न वाचता परत करतो. हा सीन मी रचलेला आहे, इतिहासातला प्रसंग नाही, लिब्रेटिस्टला एवढी मुभा असते, पण त्यातलं दुखणं खरं आहे. मग बाप-लेकाचं गाणं येऊ दे, घरात, संपादक नसताना. तेव्हा पोरांना ऐकूनच कळतं की ही भाषा कुणासाठी आहे.

शाळेची तयारी हा ह्या कामाचा अर्धा भाग असतो. कंपन्या आधी शिक्षकांना एक पुस्तिका पाठवतात, त्यात कवीची माहिती, दोन-तीन कविता, एखादी धून. गुलामी हा शब्द पोरांना पहिल्यांदा जिममध्ये, गाताना ऐकू येऊ नये, तो वर्गात शिक्षकांच्या तोंडून आधी येऊन गेलेला असावा. पहिलीच्या पोरांना एवढं पुरतं की ह्याच्या आईबाबांवर दुसऱ्या माणसांची मालकी होती आणि नंतर ते मोकळे झाले. पाचवीच्या पोरांना झुंडींचंही सांगता येतं. प्रयोग संपला की गायक तिथंच बसून प्रश्न घेतात, आणि हा भाग कधीही कापू नये, वेळ कमी असेल तर एक गाणं कापावं.

हक्कांचं थोडक्यात. डनबर १९०६ मध्ये गेला, त्याच्या छापलेल्या कविता सगळ्यांसाठी खुल्या आहेत, अमेरिकेतही आणि भारतातही. हेच लँग्स्टन ह्यूज ह्या पुढच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीबद्दल करायचं तर जपून. ह्यूज स्वतः ऑपेराच्या जगातला, विल्यम ग्रँट स्टिल ह्या संगीतकाराच्या 'ट्रबल्ड आयलंड' ह्या ऑपेराचा लिब्रेटो त्याचा, १९४९ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरानं केला. पण तो १९६७ मध्ये गेला, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात म्हणजे २०२७ संपेपर्यंत, आणि अमेरिकेत त्याचा १९२६ चा पहिला संग्रह खुला झालाय पण नंतरच्या बऱ्याच कवितांना परवानगी लागते. शाळेसाठी, फुकट, चांगल्या हेतूनं करतोय म्हणून ती माफ होत नाही.

शेवटी परत बाप-लेकाकडे येतो, कारण प्रयोगाचा शेवट मी तिथंच केला असता, पक्ष्यावर नाही. बागुलबुवाला हाकलून झालंय, पोर बिलगलंय. बाप म्हणतो चल आता अंथरुणावर, आणि मग, अर्धं स्वतःशीच, तुला नेहमी सुख मिळो, आभाळ निरभ्र मिळो, तू असाच माझ्या छातीवर लहानच राहिला असतास तर. आणि शेवटची ओळ ही पहिलीच ओळ आहे, शब्द न शब्द तीच, चमचमत्या डोळ्यांच्या माझ्या तपकिरी बाळा. सुरुवातीला ती हाक होती, ये इकडं म्हणून. आता पोर झोपलंय, हाक मारायची गरज नाही, आणि दाराबाहेर जो खरा बागुलबुवा आहे तो बापाला माहीत आहे, पोराला नाही. त्याच शब्दांना तीच चाल द्यायची का? मी तीच दिली असती, फक्त पियानो काढून घेतला असता आणि बॅरिटोनला, ज्याचा आवाज सगळी जिम भरून टाकू शकतो, त्याला ती एवढ्या हळू गायला लावली असती की दोनशे पोरांना पुढं झुकून ऐकावी लागेल.